पॉइंट नऊचा केऑस

३ जून, सोमवार. सकाळी ७.

विद्यापीठाचं पत्र आलं. पीएच.डी.ला शेवटची मुदतवाढ. 'शेवटची' या शब्दाखाली कोणीतरी पेनाने रेघ मारली आहे. गरज नव्हती. मला वाचता येतं. याआधीच्या तीन शेवटच्या मुदतवाढींना रेघ नव्हती, तरी त्याही मी गांभीर्यानेच घेतल्या होत्या.

३० ऑगस्टला बाहेरचे परीक्षक येणार. त्यांच्यासमोर सर्किट चालवून दाखवायचं. नाही दाखवलं तर नोंदणी रद्द आणि नऊ वर्षं पाण्यात. शिवाय कॉलेजचा नवा नियम: डॉक्टरेट नसलेल्यांना फक्त पहिल्या वर्षाचे वर्ग. म्हणजे रिटायर होईपर्यंत ओहमचा नियम.

हातात अठ्ठ्याऐंशी दिवस आहेत. थिअरी पूर्ण आहे. राहिलंय ते फक्त जोडणं. जोडणं म्हणजे हमाली.

संकल्प: रोज पाचला उठणे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे. कोणाशीही वाद न घालणे.

४ जून.

उठलो साडेसातला. पहिला दिवस धरायचा नसतो.

चहा घेताना हिने विचारलं, नऊ वर्षं तुम्ही नक्की करताय तरी काय? ही शाळेत गणित शिकवते, म्हणून मुळापासून सांगितलं. साधा कपॅसिटर म्हणजे बादली. ओतलं तेवढं भरतं, विषय संपला. माझा कपॅसिटर 'फ्रॅक्शनल'. त्याला पूर्वी घडलेलं सगळं आठवतं, आणि त्या जुन्याचा आजच्या वागण्यावर परिणाम होत राहतो.

ही म्हणाली, "यात नवीन काय? तुमच्या आईंचं तसंच आहे."

दुर्लक्ष केलं. पुढे सांगितलं, की अशा कपॅसिटरचं सर्किट केलं तर त्यातून केऑस निघतो. म्हणजे गोंधळ, पण शिस्तीतला. रेषा फिरत राहते आणि एकाच वाटेने पुन्हा कधीच जात नाही. आणि साध्या कपॅसिटरचा क्रम पूर्ण एक असतो, माझ्याचा पॉइंट नऊ आहे.

हिने बाथरूमचा गळका नळ, अर्धं रंगवलेलं कपाट आणि एकाच स्क्रूवर लटकलेला पडद्याचा दांडा यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं. म्हणाली, "घरात सगळं त्याच क्रमाचं आहे."

वाद घातला नाही. संकल्प क्रमांक तीन पाळला गेला.

८ जून, शनिवार.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. म्हटलं, पॉइंट नऊ क्रमाचा कपॅसिटर. दुकानदाराने एक मायक्रोफॅरडचा काढून दिला आणि म्हणाला, थोडा जास्त आहे, चालवून घ्या.

हसू आलं. त्याला समजावलं, की असा कपॅसिटर जगात कुठे सुटा मिळत नाही, तो बनवावा लागतो. साधे रेझिस्टर आणि साधे कपॅसिटर यांची शिडी करायची. पायऱ्यांची मापं अचूक हवीत. एक चुकली की सगळं मुसळ केरात. दुकानदार म्हणाला, मग मागायला कशाला आलात?

तीनशे रेझिस्टर घेतले. तो विचारत होता, किमतीप्रमाणे, म्हणजे ओहमप्रमाणे, वेगवेगळ्या पुड्या करू का? म्हटलं, एकाच पिशवीत टाका. चोवीस वर्षं शिकवतोय. रेझिस्टरच्या अंगावरचे रंगीत पट्टे म्हणजे त्याचा आकडा, तो आम्ही झोपेतही वाचतो.

९ जून.

कॉलेजच्या लॅबमध्ये एकाग्रता होत नाही. घरचं जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. कुटुंबाची सोय सोफ्यावर केली आहे. कन्या बारावीत आहे. तिचं म्हणणं, मांडीवर ताट घेऊन आमटी सांडते. विज्ञानासाठी लोकांनी काय काय सोसलं, ते तिला सांगितलं. ती दुसरीकडे बघत जेवली.

सर्किटमधली हालचाल स्क्रीनवर रेषेत दाखवणारा ऑसिलोस्कोप लॅबमधून घरी आणला आहे. आमच्या लॅब असिस्टंट ताईंनी सही घेतली. या बाई अठरा वर्षं लॅबमध्ये आहेत. शिक्षण डिप्लोमापर्यंतच, पण हात बरा आहे. विचारत होत्या, परत कधी? म्हटलं, संशोधनाला तारीख नसते. त्यांनी रजिस्टरात '१७ जून' लिहिलं.

२१ जून.

आज सर्किटचं ड्रॉइंग पूर्ण. दहा दिवस लागले, पण फ्रेम करून लावावं असं झालंय. प्लसची लाइन लाल, ग्राउंड हिरवी, बाकी काळ्या शाईत. कन्या म्हणाली, "बाबा, दोन्ही हिरव्याच आहेत."

म्हटलं, नीट बघ. हल्लीच्या मुलांना लक्ष देऊन बघायची सवयच नाही.

१ जुलै.

जोडणी सुरू. आजपासून खऱ्या अर्थाने सुरुवात. जून तयारीचा होता.

६ जुलै, शनिवार.

पॉवर दिली. एका आयसी चिपमधून धूर.

आयसीचा दर्जा घसरला आहे.

७ जुलै.

दोन आयसी. खिडक्या उघड्या ठेवल्या. हिने धुराचा वास कसला म्हणून विचारलं. म्हटलं, प्रगतीचा. ती म्हणाली, मग प्रगती गॅलरीत करा.

११ जुलै.

आता धूर नाही. पण स्क्रीनवर एक ठिपका. हलत नाही. चार तास पाहिला. गाइडसरांना फोन केला. ते म्हणाले, "अजून ठिपकाच का?" यातल्या 'अजून'चा अर्थ कळला नाही. मागच्या वर्षी रेघ होती.

१५ जुलै, सोमवार. सकाळी ७.१०.

आला! केऑस आला! पाण्याचा पेला ठेवायला टेबलापाशी गेलो तर स्क्रीनवर तुफान. रेषा वर, खाली, एकमेकींत गुंतलेल्या. एकही वाट दुसऱ्यांदा नाही. अंगावर काटा आला. सात वाजून बारा मिनिटांनी आपोआप थांबला.

गाइडसरांना तिथल्या तिथे फोन केला. ते दात घासत होते. अभिनंदन असावं.

१६ जुलै.

आज पुन्हा. बरोबर सातला. काल दोन मिनिटं होता, आज पाच.

१७ जुलै.

आजही सातला. याचा अर्थ उघड आहे. सकाळच्या ठरावीक तापमानाला सर्किट जागं होतं. हा नवाच शोध आहे. चार पानं लिहून काढली. नाव दिलं: 'प्रभातकालीन केऑस'. घरच्यांना बाहेर आइसक्रीम खायला नेलं. कन्येने विचारलं, टेबल परत मिळालं का? म्हटलं, ते टेबल आता टेबल राहिलेलं नाही.

१८ जुलै, गुरुवार.

ताई सकाळी पावणेसातला दारात. प्रॅक्टिकल सुरू झालीत, ऑसिलोस्कोप हवाय. म्हटलं, थांबा, पंधरा मिनिटांत इतिहास दाखवतो.

सातला केऑस आला. मी हात करून दाखवला. ताईंनी वाकून पाहिलं. मग टेबलाखाली पाहिलं.

"सर, सर्किटला पॉवर कुठनं दिलीय?"

म्हटलं, मागच्या सॉकेटमधून.

"सॉकेटचं बटण बंद आहे."

मी वाकलो. बंद होतं. गेल्या शनिवारपासून बंद असावं, कारण त्या दिवशी कन्येने तिथे तिचा चार्जर लावला होता आणि काढताना बटण बंद केलं होतं.

ताई स्वयंपाकघरात गेल्या. हिला म्हणाल्या, वहिनी, जरा मिक्सर थांबवा. केऑस थांबला. म्हणाल्या, आता चालवा. केऑस आला. सोमवारपासून ही सकाळी डब्यासाठी चटणी वाटते आहे.

ताई हसल्या नाहीत. ही आणि कन्या मात्र सोफ्यावर पडून हसल्या.

चार पानं फाडली नाहीत. मिक्सरच्या मोटरवर कोणी काम केलं तर उपयोगी पडतील.

१९ जुलै.

गाइडसरांना कळवलं, की निष्कर्षात किरकोळ सुधारणा आहे. त्यांनी विचारलं, किती किरकोळ? रेंज गेली असं सांगितलं.

सर्किट आता लॅबमध्ये हलवलं आहे. ताईंच्या डोळ्यांसमोर राहील. म्हणजे ताई माझ्या डोळ्यांसमोर राहतील. घरी टेबलावर जेवण झालं. आमटी छान होती.

५ ऑगस्ट, सोमवार.

पंचवीस दिवस उरले. ठिपका तो ठिपकाच. पूर्ण सर्किट सहा वेळा तपासलं. माझं गणित बरोबर आहे, हे शपथेवर सांगतो. म्हणजे चूक निसर्गाची.

दुपारी ताई मल्टिमीटर घेऊन आल्या. एका रेझिस्टरवर बोट ठेवून म्हणाल्या, "सर, इथे वीस लाख ओहम का?"

म्हटलं, दोन हजार आहे. लाल, काळा, लाल.

"लाल, काळा, हिरवा आहे, सर." मीटर लावला. वीस लाख.

म्हटलं, मीटरची बॅटरी उतरली असेल. त्यांनी दुसरा मीटर आणला. तोही वीस लाख म्हणाला. मग एकेक करत एक्केचाळीस रेझिस्टर मोजले. सतरा चुकीचे. प्रत्येक ठिकाणी लाल हवा तिथे हिरवा, नाहीतर हिरवा हवा तिथे लाल.

हल्ली कंपन्या रंगात फार काटकसर करतात. पूर्वीचा लाल कसा लाल असायचा!

६ ते ९ ऑगस्ट.

अंगात कणकण. रजा. हिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, ताप नाही. म्हटलं, आतून आहे.

१२ ऑगस्ट.

कामावर गेलो. ताईंनी जेवणाच्या सुट्टीत बसून सगळी शिडी नव्याने जोडली आहे, माझ्या ड्रॉइंगवरून. आणि प्रत्येक रेझिस्टरला कागदाची बारीक चिठ्ठी चिकटवून त्यावर आकडा लिहिलाय. कशाला, विचारलं. खाली बघत म्हणाल्या, "मला वाचायला सोपं पडतं."

ताईंना रंग ओळखायला त्रास होत असावा. अठरा वर्षं कशी काढली असतील बिचाऱ्यांनी! कोणाला बोलणार नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी ३.४०.

आला.

या वेळी बटण आधी पाहिलं. चालू होतं. आसपास मिक्सर नाही. स्क्रीनवर दोन पंख. रेषा एका पंखात पाच-सात फेऱ्या मारते, अचानक दुसऱ्यात उडी घेते, तिथे रमते, पुन्हा मागे येते. कधी उडी मारेल सांगता येत नाही. माझ्या वहीतल्या समीकरणात नऊ वर्षं हीच रेषा होती, फक्त मी ती कधी पाहिली नव्हती.

ताई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, हे असं चालूच राहतं का?"

म्हटलं, कायम.

"छान आहे," म्हणाल्या. दोघंही पाच वाजेपर्यंत पाहत उभे राहिलो. प्रॅक्टिकलची बॅच दारात ताटकळत होती.

माझं सर्किट चाललं.

२५ ऑगस्ट, रविवार.

प्रबंधाचं आभाराचं पान लिहिलं. चौदा जणांचे आभार मानले: कुलगुरू, प्राचार्य, गाइडसर, ग्रंथपाल, आई, वगैरे. ताई 'आणि इतर सर्व' मध्ये येतात.

हिने वाचलं. विचारलं, "यातल्या कोणी सर्किट जोडलं?"

म्हटलं, आम्ही जोडलं.

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

पाय मोकळे करायला बाहेर पडलो. विचार केला. कल्पना माझी, गणित माझं. सोल्डरिंग काय, कोणीही करतं. परत आलो तर पान टेबलावर तसंच, वर पेला ठेवलेला, उडू नये म्हणून.

३० ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ८.

आजचा दिवस. इस्त्रीचा शर्ट. हिने काढून ठेवला तोच घातला, नेहमी तीच काढते. सर्किट काल तीन तास सलग चाललं. ताईंना सांगून ठेवलंय, की दाराशी उभ्या राहा, गरज पडणार नाही. संध्याकाळी हॉटेलात टेबल बुक करायचं आहे. 'डॉक्टर' या नावाने करावं का? वेटर प्रिस्क्रिप्शन मागायचा.

३० ऑगस्ट. संध्याकाळी ६.

बुक केलं नाही.

जसं झालं तसं लिहितो.

परीक्षक बाई साठीच्या. चष्मा गळ्यात अडकवलेला. सोबत गाइडसर आणि विद्यापीठाचे दोन जण. सर्किट चालू केलं. पंख आले. बाई खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसल्या, चष्मा लावला. गाइडसरांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला.

बाई म्हणाल्या, "सुंदर. आता हा एक रेझिस्टर बदलून दोन हजारचा लावा. तुमच्या गणिताप्रमाणे केऑस थांबून साधा गोल यायला हवा. बरोबर?"

बरोबर. पान एकशे बारा. ट्रेमधून रेझिस्टर उचलला. ट्रेमधल्यांना चिठ्ठ्या नव्हत्या. लावला.

ठिपका.

म्हटलं, हा स्थिर बिंदू आहे, तोही एक महत्त्वाचा निष्कर्ष आहे. त्यावर पाच मिनिटं बोललो. चांगलं बोललो. बाईंनी ऐकून घेतलं. मग वाकून तो रेझिस्टर पाहिला.

"हा वीस लाखाचा आहे. शेवटचा पट्टा बघा ना."

बघितला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी त्या पट्ट्याकडे. लाल म्हणावं तर लाल, हिरवा म्हणावं तर हिरवा.

दारातून ताई म्हणाल्या, "मॅडम, चूक माझी. मी ट्रेमध्ये भलताच ठेवला. सरांनी दोन हजारचा मागितला होता."

मी मागितला नव्हता. ट्रेमध्ये सगळेच होते. पण वाट मोकळी झाली होती. नुसतं 'हो ना, ताई, बघायचं नाही का?' म्हटलं असतं की झालं असतं. ते वाक्य ओठांवर आलंही होतं.

निघालं भलतंच. म्हटलं, "नाही. त्यांची चूक नाही. मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. हे सर्किटही त्यांनीच जोडलंय. मी जोडलं होतं त्यातून काहीच आलं नाही."

हे वाक्य मी तयार केलेलं नव्हतं. स्वतःला असं काही मी आजपर्यंत सांगितलंही नव्हतं. गाइडसरांचा हात पाठीवरून गेला.

बाईंनी चष्मा काढला. ताईंना म्हणाल्या, या, तुम्ही बदला. ताईंनी पदराला हात पुसला, ट्रेमध्ये पाहिलं, एक उचलला, लावला. गोल. नितळ, वाटोळा, पान एकशे बारावर आहे तसा.

मग बाईंनी मला फळ्यापाशी नेलं. सव्वा तास गणित विचारलं. सगळं आलं. एकदा तर त्यांचीच एक ओळ चुकली होती, ती दाखवली. त्या हसल्या. म्हणाल्या, तुम्ही हे इतकं चांगलं जाणता, मग हातात सोल्डरिंग गन कशाला घेतलीत?

फळा पुसला.

घरी आलो. हिने विचारण्याआधी मीच सांगितलं, सगळं. ती म्हणाली, "मग आभाराचं पान बदला आता."

४ सप्टेंबर, बुधवार.

समितीचा अहवाल आला. नोंदणी रद्द नाही. गणिताची तीन प्रकरणं मान्य. सर्किटचं प्रकरण ताईंच्या नावाने आधी पेपर म्हणून छापायचं, माझं नाव दुसरं. मग प्रबंध सहा महिन्यांत पुन्हा सादर करायचा. शीर्षकातला 'निर्मिती' हा शब्द वगळायचा. डोळे तपासून डॉक्टरांचं सर्टिफिकेट फाइलला जोडायचं.

तोपर्यंत पहिल्या वर्षाचे वर्ग. उद्यापासून ओहमचा नियम.

ताईंना अहवाल वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "सर, पेपर म्हणजे मला इंग्रजीत लिहावं लागेल का?" म्हटलं, लिहायचं काम माझं. म्हणाल्या, "मग माझं नाव दुसरं घाला." म्हटलं, अहवालात उलटं आहे, आणि अहवाल बरोबर आहे.

७ सप्टेंबर, शनिवार.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ही सोबत. त्यांनी ठिपक्याठिपक्यांची पानं दाखवली. प्रत्येकात आकडा असतो म्हणे. मला नुसते ठिपके. एका पानावर मी ठासून सत्तावीस सांगितला. त्या पानावर आकडाच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, जन्मापासून आहे. इलाज नाही, पण नुकसानही नाही. काम काय करता? सांगितलं. ते बराच वेळ सर्टिफिकेट लिहीत राहिले. खांदे हलत होते.

परत येताना पहिल्या सिग्नलला ही नेहमीप्रमाणे म्हणाली, "चला." लग्नाला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं प्रत्येक सिग्नलला ही 'थांबा' आणि 'चला' म्हणत आली आहे. मला वाटायचं हिचा स्वभाव. विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "पहिल्या महिन्यापासून."

मग सांगितलं का नाही?

"सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, दिव्यांचा दर्जा घसरलाय."

पुढच्या सिग्नलला म्हटलं, आता बोलू नकोस. आजार कळला की अर्धा बरा होतो. नीट निरखून पाहिलं आणि आत्मविश्वासाने गाडी काढली.

पोलिसाने शिट्टी मारली. बाजूला घेतलं. त्याला सगळी परिस्थिती शास्त्रीय पद्धतीने समजावून सांगितली आणि पुरावा म्हणून ताजं सर्टिफिकेट दाखवलं. त्याने ते शांतपणे वाचलं. हिला विचारलं, "ताई, तुमच्याकडे लायसन्स आहे?" होतं. त्याने किल्ली काढून हिच्या हातात दिली.

घरी नेहमीपेक्षा दहा मिनिटं लवकर पोचलो.